पार्श्वभूमी : ‘अनाथ’ न ठरणारी मुलं

कोल्हापूरला रेल्वे संपते. गोंदियाहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस असो की तिरुपतीची हरिप्रिया, पुढे रूळच नाहीत. घर सोडून डब्यात झोपलेल्या पोराला इथं उतरावंच लागतं. मग परीख पूल, स्टँड, अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या गल्ल्या, पंचगंगेचा घाट. त्याला पहिला प्रश्न येतो, ‘आईवडील हायत का?’ आहेत म्हटलं की दुसरा, ‘गाव कुठलं?’ घरात काय झालं, हे विचारायची पाळी फार उशिरा येते, कधी येतच नाही.

शाहू महाराजांच्या संस्थानकाळातल्या बोर्डिंगांबद्दल इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १९०१ पासून उभ्या राहिलेल्या त्या वसतिगृहांनी शिकण्याची वाट मोकळी केली. पण मूल सुट्टीत जिथं परत जायचं ते घरच धोक्याचं असेल, हा त्या व्यवस्थेपुढचा प्रश्न नव्हता. विलीनीकरणानंतर मुंबई प्रांताचे कायदे आले आणि ‘रिमांड होम’ हा शब्द बोलीत रुळला. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात ‘उपेक्षित’ मूल कोण, तर भीक मागणारं, बेघर, किंवा ज्याचे पालक त्याच्यावर नियंत्रण ठेवायला नालायक वा असमर्थ आहेत असं. शब्द बघा: नियंत्रण. पालकांनी मुलाला काय केलं यापेक्षा मूल कह्यात आहे की नाही, याची काळजी जास्त.

२००७ साली केंद्राच्या एका खात्याने तेरा राज्यांत, महाराष्ट्रासह, केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रस्त्यावरची मुलंही होती. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ला होता, ५३ टक्क्यांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसला होता. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. २०१२ मध्ये लैंगिक अत्याचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला, तोवर अशा किती पोरांना ‘समजूत काढून’ घरी पोचवलं गेलं असेल, याचा विचार करवत नाही.

याआधीच, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या एका अभ्यासाने बालपण आणि पुढचं आजारपण यांची गाठ दाखवली होती. मारहाण, लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, घरात कुणी मनोरुग्ण किंवा तुरुंगात असणं, अशा सात गोष्टी विचारल्या. चार किंवा जास्त सोसलेल्यांत दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. आणि ही आरोग्यविमा असलेली मोठी माणसं होती. स्टँडवरच्या पोराच्या वाट्याला यावर रस्त्यावरची भीती येते. ते रात्री अर्धवट झोपतं, कुणी खांद्यावर हात ठेवला तरी दचकतं, पंक्चरचं सोल्युशन ओढतं, हातावर ब्लेड मारून घेतं. बघणारा म्हणतो, मस्तीला आलंय.

आता ‘अनाथ’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथं आहे. २०१५ च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यात आईबाप किंवा पालक नसलेलं मूल अनाथ आहेच, शिवाय ज्याचा पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही तेही अनाथच. ‘सोडून दिलेलं’ मूल त्याच कायद्यात वेगळं मोजलं आहे. राज्यात मात्र अनाथांसाठीच्या २०१८ च्या एक टक्का आरक्षणापासून, वर्गवाऱ्या बदलत गेल्या तरी, गणित आईबापांच्या मृत्यूभोवती फिरत राहिलं. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, ते योग्यच होतं. पण मृत्यूचा दाखला मिळतो, मारहाणीचा मिळत नाही. २०२३ मध्ये दोन मुलींच्या आरक्षणाच्या प्रकरणात, सोडून दिलेली मुलं अनाथ नव्हेत असा राज्याचा युक्तिवाद होता. अनाथ आणि सोडून दिलेल्यांत असा भेद करण्यात अर्थ नाही, असं उच्च न्यायालयाने सुनावलं. त्या मुलींना निदान कुणीतरी सोडलं होतं. पळून आलेल्याने तर घर स्वतः सोडलेलं असतं, म्हणून तो याही रकान्यात बसत नाही. मुलाला चटके देणारा बाप ‘समर्थ’ कसा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मुलाला लवकरात लवकर कुटुंबात परत न्यावं, त्याच्या हिताचं नसेल तर नेऊ नये, असं २०१५ चा तोच कायदा म्हणतो. कामाच्या गर्दीत वाक्याचा पहिला अर्धा भाग पाळला जातो. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं. पुढचा आधार एकविसापर्यंत, अपवादानेच तेविसापर्यंत, तोही मागून मिळवावा लागतो.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा निराधार आणि बेघर रुग्णाला मोफत उपचाराचा हक्क देतो. अल्पवयीन रुग्णाचा प्रतिनिधी मात्र, त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने वेगळा आदेश दिला नाही तर, त्याचा कायदेशीर पालकच असतो. सतरा वर्षांच्या पोराला दवाखान्यात न्यायचं, तर कागदावर सही घ्यायला पुन्हा त्याच घराचं दार वाजवावं लागतं.