‘पाहिलं’ म्हणजे नेमकं कधी पाहिलं?

ठाण्यात आमच्या घरी काकांची एक दोनशेपानी वही आहे. प्रत्येक ओळीत पिक्चरचं नाव, थिएटर, तारीख आणि सोबत कोण होतं ते. ‘मल्हार, ३ ते ६, आई व सुमन’ अशा त्या नोंदी. आता हीच वही आपण ॲपमध्ये ठेवतो. ॲप बदलायची वेळ आली की त्यातला इतिहास जसाच्या तसा हलत नाही, आणि त्याचं मूळ बरंच मागे आहे.

१९९०मध्ये इंटरनेटवरच्या हौशी सिनेमाप्रेमींनी बनवलेल्या याद्यांतून आयएमडीबी हा सिनेमांच्या माहितीचा ऑनलाइन साठा उभा राहिला. पुढे तिथे प्रत्येक शीर्षकाला ‘टीटी’ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. मराठीसाठी तो मोलाचा, कारण ‘श्वास’ रोमनमध्ये कुणी एक ए घालून लिहितं, कुणी दोन. नावावर जुळवणी केली की नोंद हरवते, क्रमांकावर केली की टिकते. २०१०मध्ये ट्रॅक्ट आलं, २०११मध्ये लेटरबॉक्स्ड. पहिलं मालिका आणि सिनेमे दोन्हींची नोंद ठेवतं, दुसरं मुख्यतः सिनेमांची. दोन्हींचे साचे वेगळे पडले ते तिथूनच.

खरा गुंता ‘पाहिलं’ या शब्दात आहे. ट्रॅक्टला जोडलेला प्लेअर ८० टक्क्यांच्या पुढे थांबवला तर तो भाग पाहिलेला धरतात. नेटफ्लिक्सवरून लगेच डाउनलोड होणाऱ्या यादीत मात्र दोनच रकाने असतात, शीर्षक आणि तारीख. किती पाहिलं ते तिथे कळत नाही, क्रमांकही नसतो. ती तारीखसुद्धा दिवस आधी की महिना आधी, हे फाइल सांगत नाही. १३ तारखेपासून पुढे घोळ झाला तर आयात, म्हणजे ही फाइल नव्या ॲपमध्ये घेणं, अडते आणि चूक लक्षात येते; १२ तारखेपर्यंतच्या नोंदी मात्र चुपचाप उलट्या महिन्यात जाऊन बसतात.

तारीखच नसेल तर काय, यावर मतं फाटलेली आहेत. काही सेवा आयातीचा क्षणच तारीख म्हणून लावतात. २०२१मध्ये मी एका सेवेतून दुसरीकडे गेलो तेव्हा अकराशेच्या वर नोंदींवर एकाच रविवार रात्रीची तारीख पडली. पंधरा वर्षांचं पाहणं एका रात्रीत कोंबलं गेलं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. दुसरा पक्ष म्हणतो, प्रदर्शनाची तारीख लावा. रोज रात्री टीव्हीसमोर बसून पाहिलेल्या मालिकेला ते बऱ्यापैकी लागू पडतं, पण पुन्हा लागलेला जुना पिक्चर पाहणाऱ्या माणसाच्या नोंदीत ते सरळ खोटं ठरतं. माझ्या मते रकाना रिकामा ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग. चुकीची तारीख पुढच्या प्रत्येक आयातीत खरी म्हणून फिरत राहते.

मराठी मालिकांची आणखी एक अडचण म्हणजे रविवारचा महाएपिसोड. एका ठिकाणी तो एक भाग, दुसरीकडे दोन. मग त्यानंतरचा प्रत्येक क्रमांक एकाने सरकतो, आणि सीझन नसलेल्या सातशे भागांच्या मालिकेत ही घसरण शोधायची कुठून?

कायद्याचा आधार युरोपात मे २०१८पासून आहे. तिथे माणसाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आणलेल्या २०१९च्या विधेयकात तसा हक्क होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२मध्ये मागे घेतलं गेलं, आणि २०२३च्या कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क आला, नेण्याचा राहिला. म्हणजे ठाण्यात बसून आपण सेवा देईल तेवढीच फाइल घ्यायची. हे वगळणं मला पटलेलं नाही.

काकांची वही आता मी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत, उतरवतोय. एका पानावर तारखेच्या जागी ‘दिवाळीच्या सुट्टीत’ एवढंच आहे. तारखेचा रकाना मोकळा सोडला आणि ते दोन शब्द टिपणाच्या रकान्यात जसेच्या तसे लिहिले.