सर्फबोर्ड, नवशिक्याचा

लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या क्रीडेत (सर्फिंग) प्रथमच उतरणाऱ्याने वापरायची फळी. ती साधारणपणे ८ ते ९ फूट लांब, २२ ते २३ इंच रुंद, ३ इंचांहून किंचित जाड आणि वरून मऊ फोमने मढवलेली असते. प्रस्तुत नोंदीत तिच्या निवडीचा विचार कोल्हापूर परिसरातील, म्हणजे विहिरीत वा नदीत पोहायला शिकून घाट उतरून समुद्रावर जाणाऱ्या माणसाला समोर ठेवून केला आहे.

फळीचा उगम वादग्रस्त आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, विशेषतः वांचाको येथे, मच्छीमार टोटोरा या लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून केलेली निमुळती होडी वापरतात व परत येताना तिच्यावरून लाटा पार करतात. मोचे संस्कृतीच्या (इ. स. सु. १०० ते ८००) मृत्पात्रांवर अशा होड्या दिसतात. त्यावरून ही क्रीडा मूळची पेरूची, असा दावा केला जातो. मात्र ती होडी मासेमारीची. लाटेवर स्वार होणे हा तिचा आनुषंगिक उपयोग. केवळ लाटेसाठी घडवलेली फळी पॉलिनेशियातली व तिचे परिणत रूप हवाई बेटांवरचे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. लाकूड फार काळ टिकत नसल्याने तेथेही कालनिश्चिती अंदाजानेच करावी लागते. लिखित उल्लेख युरोपीय दर्यावर्दींचे आहेत. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक याच्या पहिल्या सफरीतील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७६९ मध्ये ताहिती येथे जुन्या होडीच्या मागच्या तुकड्यावर बसून लाटा घेणारे लोक पाहिले. फळीचे स्पष्ट वर्णन कुकच्याच ताफ्यातील अधिकारी जेम्स किंग याचे, हवाईतील केआलाकेकुआ उपसागराजवळचे, १७७९ चे आहे.

हवाईत फळ्यांचे प्रकार लांबीवरून ठरत. मुलांची आखूड पाइपो, सर्वसामान्यांची पातळ अलाया आणि सरदारवर्गाची लांबलचक, जाड ओलो. ओलो प्रामुख्याने राजघराण्यांचीच होती काय, याविषयी अभ्यासकांत पूर्ण एकमत नाही. ती विलीविली या हलक्या लाकडाची करीत, यावर मात्र सहसा दुमत नाही. विलीविली हे एरिथ्रिना प्रजातीतील झाड. आपला पांगारा, कोल्हापूरकडचा पांगिरा, त्याच प्रजातीतला. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पांगिऱ्याचा बिंडा (तरंगणाऱ्या लाकडाचा भारा) बांधून त्याला विहिरीत सोडण्याची रीत या भागात होती. दोन्हींमध्ये सांस्कृतिक देवघेव मानण्यास आधार नाही. तरीही एकाच प्रजातीच्या लाकडाने दोन दूरच्या प्रदेशांत माणसाला पाण्यावर धरले, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. शिवाय पहिल्या फळीचे तत्त्व बिंड्यात पूर्णपणे आलेले आहे. बिंडा आरंभी मोठा बांधतात आणि हात चालू लागले की कमी करतात.

हे तत्त्व तांत्रिक भाषेत घनफळाचे होय. फळीचे घनफळ लिटरमध्ये देतात. बुडालेला प्रत्येक लिटर सुमारे १ किलो भार पेलतो (खाऱ्या पाण्यात किंचित अधिक). ८ फुटी मऊ फळी बहुधा ७५ ते ८५ लिटरची असते, तर तरबेज खेळाडूची ६ फुटी फळी अनेकदा ३० लिटरच्याही आत. नवशिक्याने आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर घ्यावेत, असा एक ठोकताळा आहे. काही जण त्याहून कमी सांगतात; पण तो हिशेब ज्याला हाताने पाणी मारत पुढे जाण्याचा सराव आहे त्याचा. ६५ किलोच्या व्यक्तीने ७० ते ८० लिटर घेणेच योग्य. कारण लाट पकडण्यापूर्वी तिच्या वेगाच्या जवळ यावे लागते. १ मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. शिकाऊ माणूस फळीवर पालथा पडून हाताने याच्या निम्माही वेग जेमतेम गाठतो. लांब व जाड फळी पाण्यावर उंच तरंगते, तिचा अडथळा कमी होतो आणि उरलेली तूट काही अंशी भरून निघते. रुंदी उभे राहताना तोल देते. आखूड, टोकदार फळी दिसायला देखणी असते. पहिली फळी म्हणून ती घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा लाट लागतच नाही.

साहित्याचा इतिहास थोडक्यात असा : अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक याने पोकळ फळी प्रचारात आणली व १९३५ च्या सुमारास तळाला स्थिर फिन (दिशा धरून ठेवणारे, माशाच्या परासारखे उभे पाते) बसवली, १९५८ च्या सुमारास हॉबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा रूढ केला. आजच्या मऊ फळीचा गाभा सहसा पॉलिस्टायरीन फोमचा असतो, आत लाकडी पट्ट्या आणि तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक. पॉलिस्टायरीनच्या कडक फळीची डागडुजी करताना इपॉक्सी रेझिनच (वाळून कडक होणारे चिकट द्रव्य) वापरावे लागते. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन हा गाभा विरघळवते. जुनी फळी विकत घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे, आणि अंगठ्याने दाबून कोठे फळीचा वरचा थर सुटला आहे काय, पाणी शिरून वजन वाढले आहे काय, हेही पाहावे. फिन लवचीक असाव्यात. पायाला बांधायची दोरी (लीश) फळीइतकी लांब घ्यावी; तुटकी लीश गाठ मारून वापरू नये.

भारतात या क्रीडेचा पद्धतशीर प्रसार मंगळुरूजवळच्या मुल्की येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या मंत्रा सर्फ क्लबपासून मानला जातो. कोल्हापुरातून समुद्र गाठण्याच्या वाटा आंबा, करूळ, फोंडा व आंबोली या घाटांच्या. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडून लाटा बहुधा मध्यम वा लहान, म्हणजे कमी जोराच्या असतात. मोठ्या घनफळाची गरज त्यामुळे आणखी वाढते. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर खारे वारे पाणी खवळवतात, म्हणून शिकण्याची वेळ सकाळची. जून ते सप्टेंबरमध्ये नवशिक्याने उतरूच नये. पंचगंगेत पोहून तयार झालेला माणूसही समुद्राच्या ओढीला नवखाच असतो. शहराने वीरधवल खाडे यांच्यासारखा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील जलतरणपटू दिला असला, तरी तलावातील वेग आणि फुटत्या लाटेचा अंदाज या स्वतंत्र विद्या आहेत. यास्तव पहिले काही दिवस प्रशिक्षकाकडची फळी भाड्याने वापरून मगच खरेदी करणे श्रेयस्कर.

वाहतूक हा घाटमाथ्यावरच्या माणसाचा खास प्रश्न. ८ फूट म्हणजे जवळजवळ २.४४ मीटर, छोट्या मोटारीत फळी मावत नाही, टपावर बांधावी लागते. ती पालथी, फिन पुढच्या बाजूला व वर येतील अशी ठेवतात, म्हणजे पट्टा सैल झाला तरी फिनला अडतो. खाली जुनी गोधडी चालते. मऊ फळीचे खरे नुकसान उन्हात होते : बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्यास आतली हवा प्रसरण पावून वरचा थर गाभ्यापासून फुगतो व पुन्हा बसत नाही. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत, भिंतीला आडवी टेकवून ठेवावी.