डिशवॉशरच्या तळाशी पाणी: न गेलेलं की परत आलेलं?

डिशवॉशरच्या तळाशी पाणी दिसलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पंप गेला. पुष्कळदा पंप ठणठणीत असतो. त्यानं पाणी बाहेर काढून दिलेलं असतं आणि तेच, किंवा सिंकमधलं दुसरंच पाणी, ड्रेन पाइपातून परत आत आलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखंच. पण एकाचा इलाज मशीनच्या आत आहे, दुसऱ्याचा सिंकखाली. एकाला टेक्निशियन लागतो, दुसऱ्याला प्लंबर, आणि चुकीच्या माणसाला बोलावलं की व्हिजिट चार्ज जातो, पाणी जात नाही.

फिल्टर काढल्यावर खालच्या खळग्यात थोडंसं पाणी दिसतं, ते मात्र असायचंच. त्यानं पंपाची सीलं ओली राहतात. पाणी फिल्टरच्या वर येऊन स्टीलच्या तळावर पसरलं असेल, तरच पुढचं वाचा.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वेळ. प्रोग्रॅम संपल्या संपल्या, वाफेपासून जपून, दार उघडा. तेव्हाच पाणी साचलेलं असेल तर ते गेलेलंच नाही. रात्री तळ कोरडा होता आणि सकाळी सिंकमध्ये चार भांडी विसळल्यावर पाणी दिसलं, तर ते बाहेरून आलंय. मशीनमध्ये चहाचं पातेलं लावलंच नव्हतं आणि तळाशी चहाचा चोथा तरंगतोय, तर आणखी पुरावा कशाला हवा! एरर कोडचाही उपयोग होतो. पाणी उपसलं गेलं नाही की मशीन मधेच थांबून तक्रार करतं: बॉश आणि सीमेन्सच्या बऱ्याच मॉडेलांवर ई24 किंवा ई25, एलजीवर ओई, सॅमसंगवर 5सी. परत आलेल्या पाण्याबद्दल मात्र मशीन सहसा मुकाट असतं, कारण ते येतं तेव्हा मशीन बंद असतं.

आधी न गेलेलं पाणी. इथं दहातले बहुतेक दोष फिल्टरपाशी संपतात, असं माझं मत आहे. आपल्या जेवणात मोहरी, जिरं, ओल्या खोबऱ्याचा कीस, दाण्याचं कूट. शिवाय कढईला धरलेलं तूप-तेल. बारीक जाळीवर या सगळ्याचा लेप बसतो. फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवून काढा, जुन्या टूथब्रशनं कोमट पाण्यात घासा आणि परत बसवताना लॉक झाल्याची खात्री करा. अर्धवट बसलेला फिल्टर न बसवल्यासारखाच. त्याच्या कडेनं कचरा खाली उतरतो आणि थेट ड्रेन पंपाशी जातो.

पंपापर्यंत पोचणं वाटतं तितकं अवघड नाही. आधी प्लग काढायचा. साचलेलं पाणी वाटीनं आणि मग स्पंजनं काढायचं. बॉशच्या बऱ्याच मॉडेलांत खळग्याच्या एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या टोकानं उचकटून निघतं. आत पंपाचा लहानसा पंखा दिसतो. तिथं थेट बोट घालू नका. फुटलेल्या ग्लासचा तुकडा हमखास तिथंच अडकतो. टॉर्च मारून चिमट्यानं काढा: लिंबाची बी, कढीपत्त्याची काडी, बरणीच्या लेबलचा लगदा. मग पंखा एखाद्या काडीनं फिरवून बघा. तो सरळ फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो. याला घाबरून लोक पंप जाम झाला म्हणतात. आतल्या लोहचुंबकामुळे तो तसाच फिरतो. अजिबात हलला नाही, किंवा सैल होऊन गरगर फिरला, तर मात्र दुखणं खरं. झाकण परत बसवताना ते खट्ट वाजलं पाहिजे. ते सैल राहिलं तरी ई25 येऊ शकतो.

आणखी एक कारण हसण्यासारखं आहे. टॅब्लेट संपली म्हणून कुणीतरी भांडी घासायचं साधं लिक्विड ओततं. आत फेसच फेस होतो, आणि पंपाला फेस ढकलता येत नाही. तो नुसता घुंई करत राहतो. फेस बसू द्या, काढता येईल तेवढा काढा आणि रिकामं मशीन थंड पाण्याच्या रिन्सवर चालवा.

आता परत आलेलं पाणी. ड्रेन पाइप सिंकखाली जोडलेला असतो. सिंकची लाइन अर्धवट चोकअप असेल तर वरून ओतलेल्या पाण्याला खाली जायला वाट अपुरी पडते, ते तुंबतं आणि या बाजूच्या पाइपात शिरतं. पाइप जमिनीवरून सरळ जोडापर्यंत गेला असेल तर त्याला अडवायला काही नाही. म्हणून पाइप आधी ओट्याच्या खालच्या बाजूला लागेल इतका उंच न्यायचा, तिथं क्लॅम्पनं बांधायचा आणि मग खाली जोडावर आणायचा. ही उंच कमान हाच खरा इलाज, आणि खर्च एका क्लॅम्पचा. मशीन बसवताना घाईत नेमकं हेच राहतं. अर्थात लाइन पार तुंबलेली असेल तर कमानही पुरत नाही. आधी बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा बाटलीसारखा भाग, खोलून साफ करायला हवा.

मशीन ड्राय बाल्कनीत असेल आणि पाइप नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडात, सोडला असेल, तर वेगळीच गंमत होते. पाइपाचं तोंड जमिनीलगत असल्यामुळे पाणी भरतानाच आपोआप निथळून जातं आणि मशीन भरतच राहतं. त्यासाठीही पाइप वर उचलून बांधावा लागतो. किती उंच, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

शंका उरलीच तर बादलीची परीक्षा घ्या. पाइप सिंकच्या जोडातून काढा, टोक बादलीत धरा, पण सिंकच्या उंचीवर. खाली जमिनीवर ठेवलं तर उतारामुळे दमलेला पंपही चांगला वाटतो. मशीन रीसेट करून पाणी काढायला लावा. बॉशमध्ये त्यासाठी स्टार्टचं बटण साधारण तीन सेकंद दाबून धरायचं. बादलीत जोरदार धार आली तर मशीन निर्दोष, दोष सिंकच्या लाइनमध्ये. बारीक धार आली तर पाइप मुरगळला आहे का ते बघा: मशीन मागे सरकवताना तो भिंतीशी चेपतो. नुसती गुणगुण ऐकू आली तर पंपाकडे परत.

या दोन्हींच्या मधली एक जागा आहे. पंपाच्या पुढे एक एकेरी झडप असते, बाहेर गेलेलं पाणी परत येऊ नये म्हणून. तिच्यात एखादा कण अडकला की ती मिटत नाही आणि पंप थांबताच पाइपातलं उरलेलं पाणी मागे येतं. ते फार नसतं. दोन मीटर पाइपात साधारण अर्धा लिटर मावतं. प्रोग्रॅम संपल्यावर दर वेळी एवढंच पाणी दिसत असेल तर झडपेकडे बोट दाखवा.

रात्रभरात स्वच्छ, नितळ पाणी साचत असेल तर ड्रेनचा विचार तूर्त सोडा. झोपताना मशीनचा नळ बंद करा. सकाळी तळ कोरडा राहिला तर पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह गळतोय. तरीही पाणी आलं, तर आरओचा वेस्ट पाइप त्याच सिंकच्या लाइनला जोडलाय का ते पाहा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा. सिंकखाली नवा गार्बेज डिस्पोजर (खरकटं दळणारं यंत्र) बसवल्यावर पहिल्याच दिवसापासून पाणी जाईना, तर डिशवॉशरच्या पाइपासाठी डिस्पोजरला जी नळी असते, तिच्या आतला प्लास्टिकचा बूच तसाच राहिलेला असतो. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं तो आत पाडायचा आणि डिस्पोजर सुरू करण्यापूर्वी आतून आठवणीनं काढून घ्यायचा.