रॉकेलच्या दिव्यापासून खताच्या गोणीपर्यंत : कच्च्या तेलाची पार्श्वभूमी

‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल, यावरून मराठीत रुळला. कच्च्या तेलाच्या उद्योगाचा आरंभही याच रॉकेलने झाला, कारण त्या काळी लोकांना त्यातून हवे होते ते केवळ दिव्याचे इंधन. अमेरिकेतील येल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन (धाकटे) यांनी १८५५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील तेलाचे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे ते उकळून आणि वाफ पुन्हा थंड करून घटक वेगळे काढून, त्यातून दिव्यासाठी उत्तम तेल निघते, असा अहवाल दिला. त्या अहवालाने भांडवलदारांना धीर आला आणि २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातीलच टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीत सुमारे २१ मीटर खोलीवर तेल लागले.

कच्चे तेल हा एकच पदार्थ नसून ते हजारो हायड्रोकार्बनांचे, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे, मिश्रण आहे. वजनाच्या हिशेबाने त्यात कार्बन सुमारे ८३ ते ८७ टक्के आणि हायड्रोजन १० ते १४ टक्के असतो; उरलेल्या भागात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि निकेल, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचा अंश येतो. याच धातूंशी जोडलेली, हरितद्रव्याशी नाते सांगणारी संयुगे जर्मनीचे आल्फ्रेड ट्राइब्स यांना १९३० च्या दशकात तेलात सापडली आणि तेल पुरातन जीवांपासून बनले, या मताला भक्कम आधार मिळाला.

रेणूतील कार्बनची साखळी जितकी लांब, तितका तो रेणू उकळायला अधिक उष्णता लागते, आणि शुद्धीकरणाचा मनोरा याच एका गुणधर्मावर चालतो. पाच ते बारा कार्बनांचे पेट्रोल वरच्या भागात, त्याखाली रॉकेल, मग डिझेल आणि तळाशी डांबर अशी त्यात विभागणी होते. दिव्यांच्या काळात पेट्रोलाला फारसे गिऱ्हाईक नव्हते. ते रॉकेलमध्ये राहून गेले तर दिव्याचा भडका उडून माणसे होरपळत, आणि कारखाने ते बरेचदा जाळून टाकत किंवा नदीत सोडून देत.

मोटारी आल्यावर गणित उलटले. केवळ ऊर्ध्वपातनाने मिळणारे पेट्रोल पुरेना, तेव्हा विल्यम बर्टन यांनी उष्णता आणि दाब वापरून लांब साखळ्या तोडण्याची पद्धत शोधली, जी १९१३ मध्ये कारखान्यात वापरात आली. १९३७ मध्ये यूजीन हूद्री यांनी त्याच कामासाठी उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, मोठ्या प्रमाणावर वापरला. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच, कारण तोवर निसर्गाने दिलेले घटक फक्त वेगळे केले जात होते, आता रेणूच बदलता येऊ लागला. नाफ्थ्यासारख्या हलक्या भागाचे असेच भंजन करून मिळणाऱ्या इथिलीन आणि प्रोपिलीनवर पुढे प्लॅस्टिकचा उद्योग उभा राहिला.

भारतात आसामातील दिग्बोईचा शुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला, तर मुंबईत ट्रॉम्बे येथे १९५४ आणि १९५५ मध्ये दोन कारखाने आले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये सापडलेले ‘बॉम्बे हाय’चे तेल हलके आणि कमी गंधकाचे असले, तरी त्यात मेण बरेच असते. मात्र त्याच्या आधीच, १९६० च्या दशकात, पेट्रोलच्याच जातकुळीतला नाफ्था ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात जाऊ लागला होता आणि त्यातून काढलेल्या हायड्रोजनपासून अमोनिया व पुढे युरिया तयार होत होता.