बँकांतील संगणक आणि द्विपक्षीय करार : पार्श्वभूमी

भारतातील सरकारी बँकांत संगणक उशिरा आले, याचे खापर बहुधा कर्मचारी संघटनांवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. संघटनांनी यंत्रांना दीर्घकाळ विरोध केला. पण या इतिहासाचा महत्त्वाचा भाग यंत्रे कोणत्या अटींवर येऊ दिली, हा आहे.

त्याची मुळे बँकिंगपेक्षा औद्योगिक कायद्यात आहेत. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 9-अ नुसार, कामगारकपात होण्याची शक्यता असलेली तंत्रसुधारणा करण्यापूर्वी मालकाला 21 दिवसांची नोटीस देणे भाग होते. बँक कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आधी शास्त्री आणि देसाई या न्यायाधिकरणांच्या निवाड्यांनी ठरल्या. 1966 मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन (बँक व्यवस्थापनांची संघटना) आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला आणि पगाराइतकीच कामाची पद्धतही वाटाघाटीचा विषय होऊ शकते, हे रूढ झाले. त्याच दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध मोठे आंदोलन झाले होते, त्यामुळे बँकांची व्यवस्थापनेही जपूनच पावले टाकीत होती.

कोंडी फुटली ती 1983 च्या संगणकीकरण कराराने. मर्यादित यंत्रे, नोकरकपात नाही आणि यंत्र चालवणाऱ्यास विशेष भत्ता, असा हा सौदा होता. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने 1984 मध्ये शाखांत खतावणीची (खातेवहीत नोंदी करण्याची) यंत्रे, प्रादेशिक कार्यालयांत मिनी कॉम्प्युटर आणि मुख्यालयात मेनफ्रेम हा मोठा संगणक अशी रचना सुचवली. 1987 आणि 1993 च्या करारांनी ही चौकट टप्प्याटप्प्याने सैल केली. 1993 मध्येच पेन्शनचाही करार झाला, हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण जाते. संघटनांची सौदाशक्ती तेव्हा यंत्रांकडून निवृत्तीच्या सुरक्षिततेकडे वळत होती.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नव्या खासगी बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. या बँकांनी सुरुवातच संगणकावर केली. त्यांच्याकडे ना जुनी खतावणी होती, ना जुना करार. सरकारी बँकांवर स्पर्धेचा दबाव आला, त्यात सरकारी कारभारातील भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाने 1998 मध्ये 70 टक्के व्यवसाय संगणकीकृत करण्यासाठी मुदत घालून दिली. दक्षता आयोगाने संगणकीकरणाचा आदेश द्यावा, हे थोडे विलक्षणच. पण कागदी हिशेबातील गैरव्यवहारांना आळा घालणे हा त्यामागचा तर्क होता.

2000-01 च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. करारांनी सक्तीची कपात रोखली होती. स्वतःच्या सहीने अर्ज करून जाणाऱ्याला रोखण्याची सोय त्यांत नव्हती. पुढे कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांना जोडणारी एकच संगणक प्रणाली आली, खाती शाखेतून मध्यवर्ती डेटा सेंटरमध्ये गेली आणि शाखेत यंत्रे किती असावीत या जुन्या मर्यादेला अर्थ उरला नाही. रोखपाल आणि लेजर कारकून यांची वेगवेगळी कामे एका खिडकीवर आली; जोखमीच्या कामाचा विशेष भत्ता नव्या पदनामांना जोडला गेला.

आज संघटनांच्या मागण्यांत संगणक जवळपास नाही. पुरेशी भरती, बाहेरील एजन्सींमार्फत करून घेतल्या जाणाऱ्या कामाला आळा आणि पाच दिवसांचा आठवडा, या मागण्या आता पुढे आहेत.