मानवजातीचे आयुष्य किती?

एखादी प्रजाती पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, हे विज्ञानाने मान्य केल्याला जेमतेम सव्वादोनशे वर्षे झाली आहेत. १७९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांनी हत्तीसारख्या प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांची आजच्या हत्तींच्या हाडांशी तुलना केली आणि ती हाडे ज्यांची आहेत ते प्राणी आता कोठेही जिवंत नाहीत, असा निष्कर्ष मांडला. आज आपण असे मानतो की पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्या आहेत. सस्तन प्राण्यांची एखादी प्रजाती सरासरी १० लाख वर्षांच्या आसपास टिकते. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील जीवाश्म प्रमाण मानले, तर होमो सेपियन्स, म्हणजे आपण, सुमारे ३ लाख वर्षांचे आहोत. या हिशेबाने आपले पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे असे वाटेल. परंतु सरासरीवरून एकेका प्रजातीचे भविष्य सांगता येत नाही.

आपल्याला अधिक शिकवून जातात ते आपले नातलग. सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी या पृथ्वीवर माणसाच्या एकाहून अधिक प्रजाती एकाच वेळी नांदत होत्या: युरोप आणि पश्चिम आशियात निअँडरथल, आशियात डेनिसोव्हन, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम एक मीटर उंचीची माणसे आणि या सर्वांबरोबर आपण. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत निअँडरथल संपले होते. ते का संपले, याबद्दल मतभेद आहेत. हवामानातील चढउतार आणि आपल्या पूर्वजांशी झालेली स्पर्धा ही कारणे नेहमी पुढे केली जातात. मात्र ते थोडे होते आणि विखुरलेले होते, याचा पुरावा त्यांच्या जनुकांतच सापडतो. सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेत मिळालेल्या पायाच्या बोटाच्या एका हाडातून एका निअँडरथल स्त्रीचा संपूर्ण जनुकसंच वाचता आला, तेव्हा तिचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातेवाईक असल्याचे दिसले. अशा लहान टोळ्यांत दर पिढीला जन्म थोडेसे कमी आणि मृत्यू थोडेसे जास्त झाले, तरी काही हजार वर्षांत सगळा वंश आटोपतो. त्यासाठी आकाशातून काही कोसळावे लागत नाही. नामशेष होणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लगेच डायनोसॉर आणि अशनी येतात, आणि माझ्या मते या विषयावरील बरीचशी चर्चा तेथेच भरकटते.

आपणही कधीकाळी थोडेच असावेत. आजच्या ८०० कोटींहून अधिक माणसांमधील जनुकीय विविधता चिंपांझींमधील विविधतेपेक्षा कमी आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर झालेल्या टोबा ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकात मानवजात जवळजवळ संपली होती, अशी एक कल्पना बराच काळ प्रचलित होती. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पिनॅकल पॉइंट येथे त्या उद्रेकाच्या काचेचे सूक्ष्म कण ज्या थरात सापडले, त्याच्या खाली आणि वरही माणसांच्या वस्तीच्या खुणा आहेत. म्हणजे निदान तेथील माणसे त्या संकटातून सुखरूप पार पडली.

आता आपण असंख्य आहोत, हा युक्तिवाद मात्र पुरेसा नाही. उत्तर अमेरिकेतील पॅसेंजर पिजन या रानकबुतराची संख्या एकेकाळी ३०० ते ५०० कोटी होती, असा अंदाज आहे. त्यांचे थवे जाताना आभाळ झाकोळत असे. एकोणिसाव्या शतकात तारायंत्रामुळे थव्यांचा ठावठिकाणा शिकाऱ्यांना तत्काळ कळू लागला, रेल्वेमुळे मारलेले पक्षी शहरांत पाठवता येऊ लागले, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात या प्रजातीतील शेवटची मादी मरण पावली. या पक्ष्याचे जगणे आणि वीण मोठ्या थव्यांवर अवलंबून होती, त्यामुळे थवे मोडल्यावर उरलेल्या पक्ष्यांना सावरता आले नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या संख्येमुळे तो सुरक्षित वाटत होता, तीच त्याची गरज होती.

माणसाच्या बाबतीत या गरजेचे स्वरूप वेगळे आहे. सर्व सजीवांतील कार्बनचे वजन केले, तर त्यात माणसाचा वाटा सुमारे ०.०१ टक्के, वनस्पतींचा सुमारे ८० टक्के. वनस्पतींना आपल्यावाचून काही अडत नाही. आपण मात्र त्यांपासून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक उष्मांक गहू, तांदूळ आणि मका या तीनच पिकांतून घेतो, आणि शेतीचा सगळा इतिहास गेल्या सुमारे ११,७०० वर्षांच्या तुलनेने स्थिर हवामानात घडलेला आहे. ही घडी विस्कटली तर अब्जावधी लोकांचे हाल होतील. तरीही संस्कृती कोसळणे आणि प्रजाती संपणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढल्यामुळे टास्मानिया ऑस्ट्रेलियापासून तुटले, आणि तेथे अडकलेली काही हजार माणसे सुमारे १० हजार वर्षे बाहेरच्या जगाच्या मदतीशिवाय टिकून राहिली.

निसर्गनिर्मित संकटांपुरता धोका मोजण्याचा एक चतुर मार्ग आहे. आपण दोन लाखांहून अधिक वर्षे टिकलो, त्याअर्थी अशनी, ज्वालामुखी यांसारख्या कारणांनी कोणत्याही एका वर्षी नामशेष होण्याची शक्यता मोठी असूच शकत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार ती १४ हजारांत एकापेक्षा जवळजवळ निश्चितच कमी आहे, आणि बहुधा ८७ हजारांत एकापेक्षाही कमी. शिवाय २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळून त्याची कक्षा बदलून दाखवली, म्हणजे एका धोक्यावर तरी उपाय दृष्टिपथात आहे. परंतु हे गणित माणसाने स्वतः निर्माण केलेल्या धोक्यांना लावता येत नाही. अण्वस्त्रे १९४५ पासूनची आहेत, आणि प्रयोगशाळेत रोगजंतूंच्या जनुकांत हवा तसा बदल करण्याचे तंत्र त्याहूनही अलीकडचे. त्यांच्याविषयी निश्चिंत राहण्यासाठी आपल्या पाठीशी दोन लाख वर्षांचा अनुभव नाही. पुरते एक शतकही नाही.