ज्यूरी पद्धत (मुंबई)

फौजदारी खटल्यात नेमके काय घडले याचा निर्णय देण्यासाठी सामान्य नागरिकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेले मंडळ म्हणजे ज्यूरी. मराठीत ज्यूररला, म्हणजे ज्यूरीच्या सदस्याला, काही वेळा ‘पंच’ म्हटले जाते, पण हा शब्द फसवा आहे. पंचनाम्यावर सही करणारा पंच साक्षीदार असतो, तर ज्यूरर निर्णय देणारा. असेसर आणखी वेगळा. तो न्यायाधीशांना केवळ मत देई आणि ते त्यांच्यावर बंधनकारक नसे.

मुंबईत कंपनी सरकारच्या काळापासून ज्यूरी होती, मात्र तिच्यात कोणी बसायचे हा वाद जुनाच होता. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत प्रवेश मिळाला, परंतु ख्रिस्ती आरोपीचा निवाडा ख्रिस्ती ज्यूरीनेच करावा ही अट राहिली. ती १८३२ मध्ये गेली.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार उच्च न्यायालयात नऊ जणांची ज्यूरी असे. नाव पुकारले की त्या व्यक्तीवर हरकत घेता येई. निवड पूर्ण झाल्यावर ज्यूरर आपल्यातून एक फोरमन, म्हणजे प्रमुख, नेमत. पुरावा आणि वकिलांची भाषणे संपली की न्यायाधीश ज्यूरीला उद्देशून पुराव्याचा गोषवारा सांगत व लागू होणारा कायदा समजावून देत. याला ‘चार्ज’ म्हणत. कायदा न्यायाधीशांनी सांगायचा आणि वस्तुस्थिती ज्यूरीने ठरवायची, अशी वाटणी असल्याने चार्जमधल्या एका चुकीच्या वाक्यानेही खटल्याचे पारडे फिरू शके.

इंग्लंडमध्ये तेव्हा ज्यूरीचे एकमत लागे. इथे तसे बंधन नव्हते. उच्च न्यायालयात नऊपैकी सहा जण एका मताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले, तर तेवढ्यावर निकाल होई. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नेमके सहा युरोपीय ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर अशी विभागणी झाली आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एक मत जरी फिरले असते तरी त्या ज्यूरीच्या बळावर शिक्षा देता आली नसती. १९०८ मध्ये न्या. दावर यांच्यापुढे सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूरर होते, आणि निर्णय सात विरुद्ध दोन असा लागला. ‘केसरी’तील मराठी लेखांचा हेतू मराठी न जाणणारे लोक इंग्रजी भाषांतरावरून ठरवणार, ही टिळकांची तक्रार होती. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली. शिक्षा सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची झाली. तो खटला चालला त्या न्यायदालनाबाहेर आज टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांचा संगमरवरी फलक आहे.

सत्र न्यायालयातील नियम निराळा होता आणि नानावटी खटल्याचा उलगडा त्यातच आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. परंतु ज्यूरीचा निर्णय न पटल्यास आणि न्यायासाठी तसे आवश्यक वाटल्यास सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे, अशी तरतूद संहितेच्या कलम ३०७ मध्ये होती, आणि न्यायाधीशांनी तेच केले. चार्जमध्येच ज्यूरीची दिशाभूल झाल्याचे उच्च न्यायालयाला आढळले. त्या न्यायालयाने मार्च १९६० मध्ये दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये कायम केली. हा देशातील शेवटचा ज्यूरी खटला, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. विधी आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती आणि काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही चालू राहिली. १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या नव्या संहितेत तिला जागा उरली नाही.

तरीही मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीसारखी एक व्यवस्था टिकून आहे. पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ नुसार पारशी दांपत्यांच्या दाव्यात न्यायाधीशांसोबत पाच प्रतिनिधी बसतात. स्थानिक पारशी समाजाला मत मांडण्याची संधी देऊन राज्य सरकार अशा प्रतिनिधींची यादी करते. वस्तुस्थितीचा प्रश्न त्यांच्या बहुमताने सुटतो, आणि कोणी गैरहजर राहिल्याने मते समसमान पडली तर न्यायाधीश ठरवतात.